नव्या धक्क्याचं पाणी

"सहा," सोमातात्या होडीच्या पुढच्या टोकाला उभे राहून म्हणाले.

शिशाचा गोळा तळाला टेकला होता, दोरी ताठ झाली होती आणि मी बांधलेली सहा मीटरची लाल फीत बरोबर पाण्याच्या रेषेवर होती. मी वहीत सहा लिहिलं. होडी थोडी पुढे सरकली. पुन्हा गोळा पाण्यात गेला.

"सहा."

"पुढे."

"सहा आनि वर चार बोटं."

"बोटं नकोत. सेंटिमीटर सांगा."

सोमातात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नव्या धक्क्याकडे. एकशे वीस मीटर लांबीचा तो धक्का नुकता पुरा झाला होता. जहाजाचे दोर अडकवायचे लोखंडी खुंट पिवळ्या रंगात चमकत होते, मागच्या गोदामाच्या पत्र्यांवर अजून गंजाचा एक ठिपका नव्हता. धक्क्यासमोरचा कातळ सुरुंग लावून फोडलेला होता, गाळ उपसून झाला होता, आणि आता तिथे किती पाणी आहे ते मोजून नकाशा करायचं काम माझं होतं.

"बाय," सोमातात्या म्हणाले, "हितं पानी तेवडा नाय. दोरी काय पन म्हनंल. माज्या हाताला तेवडा लागत नाय."

"सोमातात्या, तुम्ही फक्त आकडा सांगायचा. पाणी किती आहे ते मी ठरवणार."

वल्ही मारणारे दोघे खाली बघून हसले. सोमातात्या हसले नाहीत. त्यांनी गोळा पुन्हा टाकला आणि त्यानंतर दिवसभर आकड्याशिवाय एक शब्द बोलले नाहीत.

ही गोष्ट एक्याऐंशी सालची, खडपे बंदरातली. मी तेव्हा चोवीस वर्षांची, सांगलीची, नव्या दमाची आणि नाकावर माशी बसू न देणारी इंजिनीअर होते. माझं नाव शशिकला आवटी. बंदरात सगळे आवटीबाई म्हणायचे आणि पाठीमागे 'घाटावरची बाई'. कृष्णेच्या पाण्यात पोहायला शिकलेली मुलगी समुद्र मोजायला आली, याची त्यांना गंमत वाटायची. नोकरीचं पहिलं वर्ष संपायला दोन महिने होते. ते नीट संपलं तर मी कायम होणार होते. नाही तर मुंबईला टेबलावर बसून दुसऱ्यांचे नकाशे साफ करणं नशिबात होतं, आणि मला ते मरणापेक्षा वाईट वाटत होतं.

सोमा पालशेतकर हे बंदरातले सगळ्यात जुने खलाशी. साठीला टेकलेले, बारीक, हाताला दोरीचे घट्टे पडलेले. तीस वर्षं खोली मोजायची दोरी त्यांच्याच हातात होती. ती जुनी दोरी मीटरची नव्हतीच. दर वावावर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढ्या अंतरावर, चामड्याचे तुकडे, मध्येच चिंध्या, एके ठिकाणी नुसती गाठ. कुठली चिंधी म्हणजे किती, हे त्यांना हाताच्या स्पर्शाने कळायचं. मला डोळ्यांनीही कळेना. पाण्यात आवाज सोडून खोली मोजणारं यंत्र दुरुस्तीला मुंबईला गेलेलं. मी जुनी दोरी भंगारात टाकली, बाजारातून नव्या दोरीचं भेंडोळं आणलं आणि धक्क्यावर उन्हात पसरून पोलादी टेपने एकेका मीटरवर फिती बांधल्या. अर्धा दिवस वाकून काम केलं. टेप ताणून धरायला सोमातात्याच होते.

काम झाल्यावर ते म्हणाले होते, "आता हिला तीन भरत्या दर्या दाखवायचा, बाय. नव्या दोरीला दाखवतात. मग फिती बांदायच्या."

"फिती बांधून झाल्या की."

"मग परत बांदायच्या."

नवी होडी पाण्यात घालताना नारळ वाढवतात, नारळीपौर्णिमेआधी जाळं टाकत नाहीत, हे सगळं मी वर्षभर पाहत होते. हेही त्यातलंच, असं मी धरून चालले. "सोमातात्या," मी म्हटलं, "दोरीला दर्या दाखवायला ती काय नवी नवरी आहे?" बाकीचे खलाशी खो खो हसले. मला माझ्या विनोदाचं भारी कौतुक वाटलं. अवसेच्या उधाणाची ओहोटी अगदी तळाला होती त्या दिवशी आम्ही पाणी मोजलं. धक्क्यासमोर, कमीत कमी ओहोटीला, सहा मीटर. नकाशा केला, खाली सही केली. पुढच्या पुनवेला नव्या धक्क्यावर पहिलं जहाज लागायचं होतं. तीन हजार टन खत घेऊन येणारं, पाण्याखाली पाच मीटर सत्तर बसणारं. तीस सेंटिमीटर मोकळं पाणी राहत होतं. कमी होतं, पण नव्या आखलेल्या नियमात बसत होतं.

जहाज यायला तीन दिवस राहिले होते. रविवारची सकाळ. मी फाटककाकूंच्या मागल्या खोलीत भाड्याने राहायचे. त्याच भेंडोळ्यातली उरलेली दोरी मी अंगणात कपडे वाळत घालायला बांधली होती, पेरूच्या झाडापासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत. काकूंना ती मळकट दिसली म्हणून त्यांनी सकाळी तांब्याने पाणी ओतून ती पुसून काढली आणि वर माझ्या ओल्या साड्या टाकल्या. मी आत चहा घेत होते. बाहेर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

साड्या मातीत पडल्या होत्या. भिंतीतला खिळा पोपड्यासकट उपटून बाहेर आला होता.

"अगो, दोरी भिजली की आखूड होते," काकू साड्या उचलत म्हणाल्या. "नवीन आहे ना, जास्तच आखडते. बाजेला सुंभ विणतात तोसुद्धा आधी भिजवून घेतात. तुझ्या आईनं सांगितलं नाही कधी?"

मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. काकूंना वाटलं, साड्यांचं दुःख झालं.

कार्यालयात त्या दिवशी कोणी नव्हतं. मोजायची दोरी कपाटात खडखडीत वाळून पडली होती. पिंपात समुद्राचं पाणी भरून मी ती दोन तास बुडवली, गोळा लटकवून ताणली आणि पोलादी टेप लावला. सहाच्या फितीपर्यंत पाच मीटर पासष्ट. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पाच पासष्ट. नकाशावर जिथे सहा लिहिलं होतं तिथे समुद्रात पाच पासष्ट होतं. जहाज भरतीला आत येणार, धक्क्याला लागणार, आणि सहा तासांनी पुनवेची ओहोटी तळाला गेली की कातळावर बसणार. फक्त पाच सेंटिमीटरने. पण तो सुरुंगाने फोडलेला कातळ होता, धारदार. खताने भरलेल्या जहाजाचं पोट त्यावर टेकलं, भरतीबरोबर थोडं उचललं गेलं आणि पुन्हा आपटलं, तर ते फाटायला वेळ लागला नसता. जहाज धक्क्यालाच बुडालं असतं आणि माणसंही आत असती.

मी सोमातात्यांच्या घरी गेले. ते ओटीवर जाळं सांधत बसले होते.

"तात्या, होडी काढायची आहे. आत्ता."

"आज आयतवार."

"माहीत आहे मला. जुनी दोरी हवी होती. पण ती भंगारात..."

ते उठले, आत गेले आणि आतून जुनी दोरी घेऊन आले. भंगारातून त्यांनी ती कधी उचलून आणली होती ते मी विचारलं नाही. त्यांनीही, कशाला हवी, हे विचारलं नाही. दुपारभर आम्ही दोघेच होडीत होतो. ते गोळा टाकत होते आणि ओली दोरी मी प्रत्येक वेळी टेपने मोजत होते. भरतीच्या पट्टीवरचा आकडा वजा करून हिशेब केला. धक्क्याच्या मधोमध पाच पासष्ट, कडेला पाच सत्तर.

"किती आला?" त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"कमी आलं."

"हं," ते म्हणाले आणि वल्ही हातात घेतली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खोटं कशाला सांगू, मी स्वतःला वाचवायच्या वाटा शोधत होते. एक वाट सोपी होती. वाळू आली म्हणायचं. मोजलं तेव्हा सहाच होतं, दोन आठवड्यांत वाळू सरकली. समुद्रात वाळू सरकतेच, त्यात कोणाची चूक नसते. जहाजही वाचलं असतं आणि मीही. या वाटेत वाईट काय आहे, ते मला पहाटेपर्यंत सापडेना. मग एवढंच लक्षात आलं, की वाळू आली असं कागदावर गेलं, तर ती काढायला उपसणारी बोट मागवतील, आणि तिच्या लोखंडी बादल्या तिथे नसलेल्या वाळूसाठी कातळ खरवडत बसतील. शिवाय माझा नकाशा खरा धरून पुढची जहाजं येत राहतील. मी उठून अंघोळ केली आणि मनाशी ठरवून टाकलं. नोकरी जाईल तर जाईल.

कॅप्टन राजाध्यक्ष हे बंदराचे अधिकारी आणि पायलटही. जहाज आत आणायचं ते स्वतः जहाजावर चढून, वाट दाखवत. छोट्या बंदरात दोन्ही कामं एकालाच करावी लागत. उंच, सावळे, कमी बोलणारे. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून खाडीचं तोंड आणि जहाजांना वाट दाखवणारे दोन्ही तरंगते बोये दिसत. मी अकरा वाजता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बसा, आवटी."

"उभी राहते, सर. नव्या धक्क्यासमोर सहा मीटर पाणी नाही. पाच पासष्ट आहे. बुधवारचं जहाज आत घेऊ नका."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कधी मोजलंत?"

"काल."

"आणि आधीचं?"

"आधीचं चुकीचं आहे."

ते खिडकीकडे वळले. "वाळू आली असेल," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात दक्षिणेकडून पाण्याची ओढ जरा जास्तच होती. वाळू आली असणार."

माझी वाट त्यांनी स्वतःच उघडून दिली होती. मी नुसतं 'हो सर' म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. मला आजही आठवतं, 'हो'चा 'ह' ओठांपर्यंत आला होता.

"वाळू नाही, सर," मी म्हटलं. "तिथे नुसता कातळ आहे. मी दोरी कोरडी असताना मोजून फिती बांधल्या. नवी दोरी भिजली की आखडते, ते मला माहीत नव्हतं. सोमातात्यांनी सांगितलं होतं की आधी पाण्यात ठेवा. मी त्यांची चेष्टा केली. नंतर होडीतही ते म्हणाले की पाणी एवढं नाही. मी त्यांना गप्प केलं. चूक माझी एकटीची आहे. मी लिहून आणलंय."

मी कागद टेबलावर ठेवला. राजाध्यक्षांनी तो सावकाश, दोनदा वाचला. मग टेबलाचा खण उघडून त्यांनी दोन टाइप केलेले कागद बाहेर काढले आणि माझ्याकडे सरकवले.

पहिलं जहाजाच्या एजंटला लिहिलेलं पत्र होतं. जहाज नव्या धक्क्याला आणू नये, बाहेर नांगर टाकून थोडं खत बार्जवर, सपाट मालवाहू होडीवर, उतरवावं आणि हलकं होऊन आत यावं. खाली राजाध्यक्षांची सही होती. तारीख गुरुवारची. चार दिवसांपूर्वीची.

मला वाटलं, मी तारीख चुकीची वाचली. पुन्हा वाचली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सोमा बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे आला. गुरुवारी सकाळी मी आणि तो जुनी दोरी घेऊन गेलो. पाच पासष्ट."

"मग हे पत्र..."

"आज दुपारी बारा वाजता जाणार होतं. जहाज इथून अजून दीड दिवसावर आहे, घाई नव्हती. दुसरा कागद वाचा."

दुसरा मुंबईला होता. श्रीमती आवटी यांना प्रत्यक्ष मोजणीच्या कामावरून कमी करून कार्यालयात घ्यावं, अशी शिफारस. त्यावर सही नव्हती.

मला राग आला. कालची सकाळ, ते पिंप, ती रात्र, नोकरीवर पाणी सोडायचा तो निश्चय, आणि इथे हे चार दिवस खणात पत्र ठेवून बसले होते. जहाज वाचवायला मी धावत आले होते आणि जहाज एक क्षणही धोक्यात नव्हतं.

"सर, मला कोणी एका शब्दानं का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्ती केली असती. चांगली केली असती, हुशार आहात. पण मला त्यातून काय कळलं असतं?" ते टेबलावर पुढे झुकले. "आवटी, मी जहाजावर असतो तेव्हा मला तळ दिसत नाही. मला फक्त नकाशा दिसतो आणि त्याखालची सही. पाणी मी पुन्हा मोजून घेऊ शकतो. सही कोणाची आहे, ते कशानं मोजू?"

त्यांनी दुसरा कागद उचलून चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. पहिला पुन्हा वाचला आणि तोही फाडला.

"एजंटला तुम्ही लिहा. कारणासकट. तुमच्या सहीनं."

मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. दोरी कोरडी मोजली, हे वाक्य लिहिताना पेन अडखळलं, पण लिहिलं.

बाहेर आले तर सोमातात्या पायरीवर बसले होते. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. वर्षभरात पहिल्यांदाच.

"तात्या, तुम्ही मला का नाही बोललात? साहेबांकडे गेलात, माझ्याकडे नाही आलात."

"तुमी म्हनालात, फकस्त आकडा सांगायचा. मी सांगितला. दोरीवर जो व्हता तो."

"रागावला होतात?"

"होय," ते म्हणाले. "खोटा कशाला बोलू. पोरांसमोर हसलात ता लागला माका. म्हटलं, बुडूं दे हिचा नकाशा. आठ दिवस गप बसलंय. मग रातीचा झोप लागंना. जहाजात पन कोनाची पोरं असतीलच की. तवा सायबाकडं गेलंय. सायब माज्यावरच खवळला. म्हनाला, आठ दिवस काय करत व्हतास?"

"माझं चुकलं, तात्या. मी तुम्हाला नको ते बोलले."

"माजाबी चुकला," ते म्हणाले. मग हळूच, "सायब म्हनत व्हता तुमी येनार नाय. मी म्हटलं, काल होडी काढायला तीच आली ना, मग आज पन येईल. पन अकरा वाजले तवा माजा पन जीव खालीवर झाला."

माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं, वर ताकीदपत्रही मिळालं. ते योग्यच होतं. दोन दिवसांनी सोमातात्या आणि मी नव्या दोरीचं दुसरं भेंडोळं धक्क्याला बांधून पाण्यात सोडलं, तीन भरत्या ठेवलं आणि ओलं असतानाच फिती बांधल्या. त्या दोरीने धक्क्यासमोरची सगळी जागा पुन्हा मोजली. नवा नकाशा केला. सही करताना या वेळी मी बराच वेळ घेतला.

जहाज बाहेर खत उतरवून पाच वीसवर आलं आणि पुढच्या सोमवारी, सकाळच्या भरतीला आत यायला निघालं. पायलटच्या लाँचमध्ये राजाध्यक्ष, सोमातात्या आणि मी होतो. खाडीच्या तोंडापाशी लाँच जहाजाच्या कुशीला लागली. वरून दोरीची शिडी खाली आली. लाट मोठी होती, शिडी लाँचला आपटत होती. राजाध्यक्षांनी एक पाय काठावर ठेवला, शिडी हातात पकडली आणि थांबले. बंदरात ज्यांचा शब्द तीस वर्षं खरा ठरला होता ते सोमातात्या त्यांच्या अगदी शेजारी उभे होते.

"आवटी," राजाध्यक्ष म्हणाले, "धक्क्याला किती?"

"पाच पासष्ट, सर."

त्यांनी मान डोलावली आणि शिडी चढायला लागले.